उसने देव

कंधार रस्त्यावरचं आमचं चर्च म्हणजे पत्र्याची एक लांब खोली आणि पुढं बदामाचं झाड. केरळातून आलेल्या फादरांचं मराठी ऐकून आम्ही पोरं तोंड दाबून हसायचो, पण बाबांनी ढोलकीवर थाप मारली की सगळी गुमान गायला लागायची. वस्तीत घरं आमची नऊच. रविवारी आम्ही ख्रिस्ती, सोमवारी शाळेच्या दाखल्यावर हिंदू मातंग. आज्याच्या काळापासून असंच चाललेलं, त्यामुळे त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

मग ताईचा नांदेडला नर्सिंगला नंबर लागला, राखीव जागेवर. जातीचा दाखला पडताळणीला गेला आणि कुणीतरी अर्ज टाकला, की ही माणसं चर्चमध्ये जातात. ख्रिस्ती ठरलं की जागा गेली, एवढा कायदा माझ्या निरक्षर मायलाही ठाऊक होता. अर्ज कुणाचा ते आजतागायत कळलं नाही. पण त्यानंतर मिस्सेत, म्हणजे रविवारच्या उपासनेत, एकमेकांना शांती द्यायची वेळ आली, की माय हात जोडून समोरच्याचं तोंड निरखत राहायची. मला त्या बघण्याचीच धास्ती वाटायची.

चौकशीला माणसं घरी येणार, पण कधी ते सांगणार नाहीत, असं समजलं. बाबांनी भिंतीवरचा क्रूस उतरवून ज्वारीच्या कोठीत खोल दडवला. भिंतीवर त्याची पांढरी खूण उरली, तिच्यावर मायनं किराणा दुकानातलं अंबाबाईचं कॅलेंडर लटकवलं. शेजारच्या पाटलीणकाकूंनी खंडोबाचा टाक आणि कुंकवाचा करंडा आणून दिला. "राहू द्या कामापुरतं," म्हणाल्या. देवही उसने मिळतात, हे मला तेव्हा कळलं. पंधरा दिवस गेले तरी कुणी आलं नाही. गल्लीत मोटारसायकल वाजली की माय चुलीपुढून उठायची आणि तव्यावरची भाकर करपायची.

त्यात राखेचा बुधवार आला. त्या दिवशी फादर प्रत्येकाच्या कपाळावर राखेचा क्रूस काढतात. आमच्याकडची रीत अशी, की मिस्सा संपली की चर्चमागच्या हापशावर कपाळ धुवायचं आणि मगच गल्लीत शिरायचं. त्या वर्षी तर बाबांनी घरातल्या कुणालाच जाऊ दिलं नाही. मी दूध आणायला म्हणून निघाले आणि चर्चकडं वळले. दहा वर्षांची होते, माझा पहिला ख्रिस्तप्रसाद घ्यायचा विधी तोंडावर आला होता, आणि चर्चमधल्या सिस्टरनं बजावलं होतं, राख पुसायची नाही, आपोआप जाऊ द्यायची. मी एक नंबरची हट्टी कार्टी. हापशाजवळून ताठ मानेनं घरी आले.

दारात मोटारसायकल उभी होती.

आत बाजेवर दोघं बसले होते. एकजण लिहून घेत होता, दुसरा वयस्कर, बोलायला मोठा गोड. ताई ताटात पाण्याचे पेले घेऊन उभी होती. माझ्या कपाळाकडं तिचं लक्ष गेलं आणि पेले खडखडले.

"काय गं कपाळाला?" त्या वयस्कर माणसानं विचारलं.

मायच मधे बोलली. "म्हसोबाचा अंगारा हाय साहेब. पोरगी लई दचकून उठून राहिली."

"असा उभा-आडवा अंगारा?" तो हसला आणि मला जवळ बोलावलं. "बाळा, रविवारी कुठं जाता तुम्ही सगळे?"

बाबा जमिनीकडं बघत होते. कुणी न सांगता मी बाहीनं कपाळ पुसलं.

"कुठंच न्हाई," मी म्हणाले. "घरीच असतो."

लिहिणाऱ्यानं ते टिपून घेतलं.

ताईचं काम झालं. पण कागदावर गेलेलं आता खरं करून दाखवणं भाग होतं, कारण ती माणसं कधीही परत आली असती. त्या रविवारपासून आम्ही घरीच. चर्चची घंटा वाजली की बाबा रेडिओ मोठा करत. फादर एकदा भेटायला आले, तर बाबा मागच्या दारानं निघून गेले. मला कुणी एका शब्दानं बोललं नाही. दोन रट्टे दिले असते तर फार बरं झालं असतं.

ताई आज लातूरला सरकारी नोकरीत आहे. गेल्या वर्षी बाबांनी तिच्याच घरी अंथरूण धरलं. शेवटचे तीन दिवस त्यांचं एकच चाललं होतं, "मला आईजवळ ठेवा." त्यांच्या आईला चर्चच्या कब्रस्तानात पुरलंय. ताई हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. नुसती माझ्याकडं बघत राहिली.

त्यांना गावी आणलं. अंगणात पाटील मंडळी होती, ताईच्या दवाखान्यातले लोक होते. तेवढ्यात चर्चमधली चार माणसं फावडी घेऊन आली. त्यांच्यातला म्हातारा सरळ माझ्याजवळ आला.

"तुझ्या आजीशेजारी जागा हाय पोरी. खणायला घेऊ का?"

सगळं अंगण ऐकत होतं. ताईचं तोंड पांढरं पडलं होतं.

"कशाला काका?" मी म्हणाले. "आम्ही कुठं येतो चर्चला?"

"हाव," म्हातारा म्हणाला, आणि फावडं खांद्यावर टाकून निघाला. बाबांना आम्ही नदीकाठी नेलं.