दारातली आत्या

गल्ली तिला टेलरबाई म्हणते आणि जरा बिचकूनच असते. "पोट आत ओढू नका, खोटं माप मी घेत नाही," असं गिऱ्हाईकाच्या तोंडावर सांगणारी बाई ती. पण भावाच्या मुलीपुढे, चिमीपुढे, हीच बाई बोलणं आवरायला शिकली. चिमीला सांगितलेलं एका कानातून आत, दुसऱ्यातून बाहेर. पाहिलेलं मात्र काळ्या दगडावरची रेघ! मग आत्यानं ब्रश, आंघोळ, डबा, बस, घर, सगळ्याचे फोटो काढले आणि चिमीच्या गळ्यात अडकवायच्या कापडी पट्टीवर वेल्क्रोनं चिकटवले. काम झालं की फोटो उपटायचा, खालच्या खिशात टाकायचा. विसाव्या वर्षी चिमी लॉन्ड्रीत टॉवेलांच्या घड्या घालायला लागली, ती या पट्टीच्याच जोरावर.

आज ती पहिल्यांदाच एकटी परत येणार होती. परगावी राहणाऱ्या भावानं सकाळीच फोनवर बजावलं होतं, "ताई, एकदा जरी पोरगी चुकली, तर मी तिला वसतिगृहात ठेवणार. मग तुझं काही ऐकायचा नाही."

"बघ तू! संध्याकाळी फोन कर," आत्या तोऱ्यात म्हणाली खरी, पण दिवसभर तिच्या सुईत दोरा जाईना. बसची वेळ जवळ आली तसा तिचा धीर सुटला. गळ्यातली टेप मशीनवर टाकली, दाराला कुलूप ठोकलं आणि ती थांब्यावर जाऊन उभी राहिली. बस आली. चिमी नव्हती.

"तुमची चिमी? ती आधीच्याच गाडीत चढली, मी पाहिलं की. बोळानं गेली असेल घरी," कंडक्टर म्हणाला.

आत्या पळत घरी आली, तर दाराला कुलूप तसंच.

"आली होती ना!" कोपऱ्यावरचा चांभार म्हणाला. "दारापुढे उभी राहिली, फोटो पाहिला, मान हलवली आणि गेली पुढे."

"अहो, मग धरून ठेवायला काय झालं होतं?"

"हात धरला की ओरडते ती, म्हणून घाबरलो, बाई."

कुठला फोटो? घराचा. आणि त्या फोटोत दार सताड उघडं, गळ्यात टेप घातलेली आत्या चौकटीला हात लावून हसत उभी. कुलूप लावलेलं दार हे चिमीचं घर नव्हतंच मुळी! पोरगी घर शोधत फिरत होती. पलीकडे ट्रकांचा रस्ता.

आत्याला वाटलं, असं धावत सुटावं. पण धावली तर दार पुन्हा रिकामं. तिनं चांभाराला रस्त्याकडे पिटाळलं, दार उघडलं, टेप गळ्यात घातली आणि उभी राहिली. आत फोन वाजायला लागला. भाऊच असणार. ती हलली नाही. "मेल्या, गप्प राहा," ती वाजत्या फोनवरच डाफरली.

किती वेळानं कोण जाणे, गल्लीच्या टोकाला चिमी दिसली. एकेका दारापुढे थांबत होती, फोटो पाहत होती, पुढे सरकत होती. हाक आत्याच्या ओठांवर आली, तिनं ती गिळली.

चिमी समोर आली. फोटोकडे पाहिलं. आत्याकडे पाहिलं. पुन्हा फोटोकडे. आणि वळायला लागली.

आत्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. फोटोतली बाई तर रडत नव्हती.

हस गं बये, हस! आत्यानं ओठ फाकवले, दात दाखवले आणि आतून हुंदका येत असताना हसली.

चिमीनं फोटो उपटला, खिशात टाकला आणि तिच्या बाजूनं आत जाऊन हात धुवायला लागली.

फोन पुन्हा वाजला.

"पोहोचली का?" भावानं विचारलं.

"ती केव्हाच पोहोचली होती रे," आत्या नाक पुसत म्हणाली. "मीच घरी नव्हते."