पंतोजींचे बिनडोळ्यांचे प्राणी

आमच्या पंतोजींनी काढलेल्या प्राण्यांना डोळे नसत. खार असो, कावळा असो, सगळे आंधळे. नुकतंच वाचायला लागलेल्या पोराने कुणाच्या मदतीशिवाय गोष्ट वाचून दाखवली, की पंतोजी बोरू शाईत बुडवून डोळ्याचा ठिपका देत. म्हणत, "वाचलं ना? मंग दिसू दे त्याले बी."

पंतोजी मूळचे अकोल्याचे. नांदगाव खंडेश्वरात देवळाच्या ओसरीवर शाळा भरवत. जुन्या दप्तरातल्या कागदांच्या कोऱ्या पाठी शिवून वह्या करत आणि हळद, गेरू, काजळीने चित्रं रंगवत. लंगड्या कावळ्याला आपला दाणा देणारी खार, चुकलेल्या पाडसाला पाणवठ्यावर नेणारी म्हैस. सांगणं एकच, मुक्या जिवाला जीव लावा. माणसांच्या पोरांवर मात्र त्यांची एवढी दया नव्हती. मी खारीच्या गोष्टीत अडखळलो, तर तिला आठ दिवस आंधळी ठेवली. मी भोकाड पसरलं तरी पाघळले नाहीत.

तेव्हा कापसाला सोन्याचे दिवस आले होते. ज्वारीची वावरं मोडून लोकांनी बांधापर्यंत कापूस पेरला. ज्वारी गेली तसा कडबाही गेला. माणसांच्या अंगावर नवी धोतरं आली आणि बैलांच्या बरगड्या वर आल्या. रस्त्याने जाणाऱ्या गाड्या पाहून पंतोजी म्हणत, "कापूस बैलाच्या पोटात जात नाई रे." लोक हसत. माझ्या बाने तर तोंडावर सुनावलं, "पंतोजी, तुमी पोराले अक्षरं शिकवा. मले वाही-पेरणी नोका शिकवू."

त्या वर्षी पोळा जवळ आला आणि अमरावतीत भाव पडू लागल्याची बातमी आली. घरात राखून ठेवलेला कापूस पोळ्याच्या दिवशीच गाडीत घालायचा, असं बाने ठरवलं. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवायचं, हे आमच्याकडे कुणी मनातही आणत नसे. त्यात आमच्या सोन्या बैलाचा खांदा सुजलेला.

पंतोजींनी मला नवी वही दिली. चित्रातल्या बैलाचं डावं शिंग खाली वळलेलं होतं. तो सोन्याच होता. गोष्टीत धनी पोळ्याला गाडी जुंपतो आणि बैल नाल्याच्या गाळात बसतो तो उठतच नाही. शेवटचं पान कोरं होतं. "तुया बाले वाचून दाखव," पंतोजी म्हणाले. "माह्यं नाई ऐकत तो. तुयं ऐकन."

पोळ्याच्या आदल्या दिवशी आई सोन्याच्या खांद्याला हळद-तूप चोळत होती. मी वही उघडली, बाच्या भुवया पाहिल्या आणि लिहिलेलं वाचायची हिंमत झाली नाही. बाला अक्षर येत नव्हतं. मी पानावर बोट फिरवत वाचलं, की बैल चिखलातून गाडी ओढतो, सगळ्यांच्या आधी बाजारात पोचतो आणि धनी त्याला पुरणपोळी चारतो. बा मांडीवर थाप मारून म्हणाला, "शाना माणूस हाये पंतोजी!"

सकाळी पंतोजींनी विचारलं, "वाचलं?"

"हो जी."

"बा काय म्हणे?"

"खूश झाला."

पंतोजींना इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. "नाई तं मी गाडीपुढे आडवा पडनार होतो," ते म्हणाले. त्यांनी बैलाला डोळा दिला आणि निर्धास्त मनाने शेजारच्या गावी सणाला गेले.

दुपारी गावातले बैल झुली घालून सजत होते आणि आमची गाडी निघाली. मी बोजावर बसलो होतो. नाल्यात सोन्या खाली बसला. बाने शेपूट पिरगाळली, पराणी टोचली. मागे गावात पोळ्याची वाजंत्री वाजत होती. सोन्याने मान टाकली, तेव्हा बा त्याचं डोकं मांडीवर घेऊन गाळातच बसला आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "गोष्टीतला तं पोचला होता ना रे?"

पंतोजी परतल्यावर मी सगळं सांगितलं. मारतील असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"तू भेला असशीन," ते म्हणाले. "सोन्या बी भेलाच असन."

दिवाळीनंतर ते अकोल्याला निघून गेले. पुन्हा भेट झाली नाही. ती वही आता मी नातवाला वाचून दाखवतो, लिहिलंय अगदी तसंच. बैल तेव्हा माझ्याकडेच पाहत असतो.