साडूंना बोट लागली

बोट लागते ती बोटीवर, असा साऱ्या जगाचा अनुभव आहे. माणूस चढतो, पिवळा पडतो, कठड्याला धरून ओकतो आणि जमिनीवर पाय टेकला की बरा होतो. आमच्या साडूंचं उलटं झालं. तीन वेळा ते मोठमोठ्या प्रवासी जहाजांवरून हिंडून आले, तिन्ही वेळा ठणठणीत राहिले आणि त्यांना बोट लागली ती नागपुरात परतल्यावर. ती आजतागायत उतरलेली नाही. समुद्राचं वेड लागायला नागपूरइतकं गैरसोयीचं गाव दुसरं सापडायचं नाही; इथून कुठल्याही दिशेला तोंड करून निघा, समुद्र आपला लांबच. पण प्रताप नगरातल्या त्यांच्या दुमजली घरात शिरलं की गच्चीला 'वरचा डेक' म्हणावं लागतं, झोपायच्या खोलीला 'केबिन' आणि बाजारात जाण्याला 'बंदरावर उतरणं'. एकदा मी चुकून "गच्चीवर बसू या का?" असं विचारलं, तर त्यांनी "कुठं?" असं तीनदा विचारून मला घामाघूम केलं. उन्हाळ्यात ते कूलरच्या अगदी तोंडाशी उभे राहतात, वाळ्याचा ओला वारा अंगावर घेत डोळे मिटतात आणि म्हणतात, "डेकवर अश्शीच हवा असते गा. फक्त थोडी खारट." त्या खारटपणासाठी त्यांनी कूलरच्या पाण्यात मूठभर मीठ टाकून पाहिलं होतं. कूलरची जाळी गंजली, तेव्हा कुठे तो प्रयोग थांबला.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. उभा जन्म वाहतं पाणी अडवण्यात गेला, त्याचाच सूड म्हणून की काय, निवृत्त झाल्यावर हा माणूस स्वतः वाहायला लागला. खुर्चीत तीन मिनिटांच्या वर टेकलेलं मी त्यांना पाहिलं नव्हतं. चहा उभ्यानं, पेपर चालता चालता, आणि दुसरा कोणी निवांत बसलेला दिसला की, "काहून बसून राहिले गा? बंदर आलं!" त्यांच्या या अस्वस्थपणाला एक ठाम दिशा होती. त्यांना चौथ्यांदा बोटीवर जायचं होतं आणि ताईंना, म्हणजे माझ्या मेहुणीला, घेऊनच जायचं होतं. अडचण अशी की दोन वर्षांपूर्वी ताई अंगणात घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, हाड जुळलंही. डॉक्टर म्हणाले, आता भरपूर चाला. ताई वॉकर धरून घरातल्या घरात चालायच्या, पण बाहेर पाऊल टाकायचं नाव काढलं की त्यांचा चेहरा पांढरा पडायचा. "तुम्ही जाऊन या. मी नाही येत आता कुठं," एवढंच त्या म्हणत. आणि साडू त्यांच्याशिवाय बोटीवर पाय ठेवायला तयार नव्हते. मग न गेलेल्या बोटीची सगळी हौस त्यांनी घरात फेडून घेतली आणि त्यात आम्ही सगळे प्रवासी म्हणून भरडलो गेलो.

जहाजावर म्हणे रोज दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमाचा कागद केबिनमध्ये येऊन पडतो. साडू तो स्वतः लिहीत आणि स्वतःच केबिनच्या, म्हणजे ताईंच्या, दाराखालून सरकवत. मी एकदा तो वाचला आहे. 'सकाळी सहा: सूर्योदय, वरचा डेक. सात: चहा. आठ: कपडे वाळत घालणे (ऐच्छिक). साडेदहा: बंदर लकडगंज. आरामशीर पादत्राणे घालावीत. परत येण्याची वेळ साडेबारा. बोट कोणासाठीही थांबत नाही.' त्या दिवशी बंदरावर उतरणारा एकमेव प्रवासी मी होतो. डेकला, म्हणजे गच्चीला, सागवानी कठडा करायचा म्हणून ते मला गाडीत घालून लकडगंजात लाकूड पाहायला घेऊन गेले. तिथल्या करवतींच्या आवाजात मला कोणीतरी चांगला चहा मिळेल असं सांगितलं आणि मी सहा मिनिटं उशिरा परतलो. गाडी गेली होती. मला आधी खोटंच वाटलं. फोन केला तर म्हणाले, "बोट सुटली ना बाप्पा! आता पुढच्या बंदरात गाठा." भर उन्हात ऑटो करून मी घरी पोचलो, तेव्हा हे महाशय गच्चीवरून माझ्याकडे पाहून रुमाल हलवत होते. या माणसाशी आठ दिवस बोलायचं नाही असं मी ठरवलं आणि चौथ्या दिवशी त्यांच्याकडे जेवायला गेलो.

टॉवेलांचं प्रकरण तर याहून भयंकर. जहाजावर खोली आवरणारे लोक टॉवेलाचे हंस, हत्ती, माकडं करून पलंगावर ठेवतात. साडूंनी ती विद्या त्यांच्या मागे लागून शिकून घेतली आणि तेव्हापासून त्यांच्या घरी साधा, चौकोनी, अंग पुसण्याजोगा टॉवेल कुणाला मिळाला नाही. ताईंचे उमरेडचे मामा एकदा मुक्कामाला आले. उभी हयात हातमागावर गेलेला माणूस. सुताशी जन्माची ओळख. आंघोळीला गेले आणि बराच वेळ झाला तरी बाहेर येईनात. शेवटी दार किलकिलं झालं आणि आधी एक टॉवेलाचा हत्ती बाहेर आला, मागून मामांचा ओला हात. "घ्या बाप्पा," मामा आतून ओरडले, "मले कापड विणाले इतका वेळ लागला नाही कधी, जितका हे उसवाले लागून राहिला. याची सोंड कुठून सुटते?" साडूंनी हत्ती हातात घेतला, सोंडेची गाठ सोडायच्या आधी तो नीट बसला आहे की नाही हे पाहिलं आणि मगच मामांची सुटका केली.

पण साऱ्या प्रथांमध्ये त्यांची सगळ्यात कडक प्रथा म्हणजे कवायत. जहाज सुटण्याआधी सात आखूड आणि एक लांब भोंगा होतो, आणि प्रत्येकाला आपापल्या ठिकाणी जमून हजेरी द्यावी लागते. साडूंच्या घरी दर रविवारी सकाळी शिट्टीवर ही कवायत होते आणि त्यामागे एक घडलेली गोष्ट आहे. पहिल्याच सफरीत भोंगा झाला तेव्हा साडू ताडकन् वर पोचले आणि ताई मागे राहिल्या. त्यांना दुसरी चप्पल सापडेना. यादी घेऊन उभ्या असलेल्या गोऱ्या अधिकाऱ्याचं इंग्रजी साडूंना कळेना, तेव्हा शेजारच्या पुण्याच्या बाई मदतीला धावल्या. "कुठे आहेत तुमच्या मिसेस?" त्यांनी विचारलं. साडू घाईनं म्हणाले, "ती येऊन राहिली!" आता नागपुरात 'येऊन राहिली' म्हणजे येते आहे, वाटेत आहे. मी मूळचा साताऱ्याकडचा. लग्नानंतर नोकरीनं इकडे आलो तेव्हा "पाहुणे जेवून राहिले" ऐकून मी पाहुणे मुक्काम करणार असं समजून गादी घातली होती. पुण्याच्या बाईंच्या कानालाही तेच लागलं. येऊन राहिली, म्हणजे आली आणि इथेच आहे. त्यांनी अधिकाऱ्याला तसं सांगितलं, त्यानं यादीवर खूण केली, आणि ताई खाली एका लांबलचक बोळात लाइफ जॅकेट उलटं घालून एकट्या फिरत राहिल्या. प्रत्येक दार एकसारखं आणि सगळी बंद. साडूंना त्या सापडल्या तेव्हा रडत नव्हत्या. फक्त म्हणाल्या, "मले वाटलं, बोट बुडून राहिली अन् तुम्ही निघून गेले."

हे वाक्य साडूंच्या जिव्हारी लागलं ते कायमचं. तेव्हापासून घरच्या कवायतीत पहिलं नाव ताईंचं. आणि बाकी वेळी अस्सल नागपुरी बोलणारा हा माणूस शिट्टी वाजली की क्रमिक पुस्तकासारखं बोलू लागतो. 'ती येत आहे.' 'ती जिन्यात आहे.' 'ती पोहोचली आहे.' मी हसलो, तर म्हणाले, "हसा तुम्ही. हजेरीत धोका नाही पाहिजे."

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी संध्याकाळी कप्तानाची मेजवानी. तिला कोट घालून जावं लागतं. मे महिन्यात, नागपुरात, कोट! साडू स्वतः रांधत आणि स्वतः वाढत. आमच्या कोटांवर पाटवडीचा रस्सा सांडे, घाम त्यात मिसळे, आणि शेवटी गोड पदार्थ आला की सगळ्यांनी उभं राहून रुमाल गरगर फिरवायचे, कारण जहाजावर तसं करतात. माझा रुमाल एकदा पंख्यात गेला आणि श्रीखंडात पडला. त्या दिवशी माझा तोल गेला. जेवणं झाल्यावर त्यांना गच्चीवर गाठून मी म्हणालो, "साडूभाऊ, एवढं आहे तरी काय त्या बोटीवर? सगळीकडे पाणीच ना?"

ते चक्क उभ्या जागी स्थिर झाले. "पाण्याचं नाही गा," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी आम्ही जेवाले बसलो. तिच्यासमोर ताट आलं, वाफ निघून राहिली होती. ते पाहून ही उठलीच. म्हणे, मी वाढते सगळ्यायले. वेटरनं खुर्ची धरली, म्हणे, मॅडम, बसा. बसली. चौतीस वर्षं झाले होते लग्नाले. घरी आम्ही जेवून उठलो की मग हिचं ताट, उरलेलं, थंडं. मी तिले गरम जेवताना पहिल्यांदा पाहिलं." मग हळूच म्हणाले, "ती जेवताना गुणगुणते. मले माहीतच नव्हतं."

 माझ्या घरी शेवटची पोळी कोण खातं आणि ती किती गार असते, हे मी कधी पाहिलं होतं का, असं मनात आलं आणि मला माझीच लाज वाटली. ताई मघाशी मधल्या खुर्चीवर बसून सावकाश जेवत होत्या, तेव्हा साडू वाढताना सारखे त्यांच्या बाजूला का घोटाळत होते, तेही तेव्हा कळलं.

या वर्षी उन्हाळा सुरू व्हायच्या आधी साडूंनी शेवटचा प्रयत्न केला. मी समोर होतो. जहाजाचं माहितीपत्रक ताईंपुढे पसरून ते सांगत होते, की चाकांची खुर्ची जहाजावरच मिळते, ढकलायला माणूस मिळतो, आधी चढू देतात. ताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मी त्या ढकलगाडीत बसून येणार, अन् लोकं समुद्र पाहतील का मले पाहतील? आता बोटीचं नाव नका काढू माझ्यासमोर." साडूंनी माहितीपत्रकाची नीट घडी घातली आणि "बरं" म्हणाले.

आणि खरोखरच नाव काढलं नाही. कागद दाराखालून सरकायचा बंद झाला. टॉवेल चौकोनी झाले. रविवारी शिट्टी वाजली नाही. बायकोनं मला सांगितलं की ते गच्चीला गच्ची म्हणाले, तेव्हा मला पहिल्यांदा काळजी वाटली. मग एके सकाळी ताईंचा फोन आला. "जावई, जरा येऊन जा. हे बसून आहेत."

"बसू द्या की, ताई."

"अहो, केव्हाचे बसून आहेत. उठतच नाही ना!"

मी धावत गेलो. साडू घरापुढच्या ओट्यावर खुर्चीत बसले होते, हात मांडीवर. पेपर बाजूला घडी न मोडता पडलेला. त्यांना तसं पाहून माझ्याच पायांत अस्वस्थपणा शिरला. मी ओट्यावर येरझारा घालू लागलो. म्हटलं, "चला, लकडगंजला जाऊन येऊ." ते म्हणाले, "काय आहे तिथं?" एवढं साधं उत्तर त्यांनी मला आयुष्यात दिलं नव्हतं.

आतून वॉकरची टकटक आली. ताई सावकाश दारात आल्या. वॉकरच्या दांडीला पिशवी अडकवलेली, पिशवीत खोकं. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी सांगितलेले बूट होते ते. आणल्यापासून उघडलेही नव्हते. ताई समोरच्या खुर्चीत टेकल्या, धाप लागली होती ती ओसरू दिली आणि खोकं साडूंच्या मांडीवर ठेवलं.

"मले वाकता येत नाही," त्या म्हणाल्या.

"कुठं चालली?"

"रस्त्यापर्यंत. आजच्या दिवस रस्त्यापर्यंत." मग दुसरीकडे पाहत, "ती ढकलगाडी नको, तर पाय चालवा लागतील ना. माझा पासपोर्ट तर संपला असंल."

"अजून चार वर्षं, सात महिने आहेत," साडू म्हणाले. बोटांवर मोजले नाहीत, आठवलेही नाहीत. नाव विचारल्यावर सांगावं तसं सांगितलं. ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. 

साडू खुर्चीतून उठले आणि फरशीवर मांडी घालून बसले. ताईंचं पाऊल उचलून त्यांनी स्वतःच्या गुडघ्यावर घेतलं, बुटात सरकवलं आणि नाडी ओवू लागले. ताई कानापर्यंत लाल झाल्या. पाय मागे घ्यायला गेल्या, पण तो त्यांना पटकन मागे घेता येत नव्हता.

"अहो, हे काय! जावई पाहून राहिले!"

"पाहू दे," साडू म्हणाले आणि त्यांनी दुसऱ्या पायासाठी हात पुढे केला.