घुबडाची सात नाणी

आम्रपाली ओव्हाळ महाळुंग्याच्या एका फाउंड्रीत चौदा वर्षं इन्स्पेक्शनला होती. ओतून आलेला भाग दिव्याखाली फिरवायचा, भिंगातून बघायचा आणि टाचणीच्या टोकाएवढं छिद्र दिसलं तरी लाल फुली मारून बाजूला ठेवायचा. तिची नजर कशी आहे हे घरमालक सोपानरावांच्या कानावर होतं. एका रविवारी दुपारी ते जिना चढून वर आले.

“ताई, एक पाव्हणा चांदीची नाणी घिऊन आलाय. ग्रीक हायत म्हनतो, दोन-अडीच हजार वर्सांची. मी घ्यायची म्हनतोय. तुमी निस्तं बघून सांगा, खरी का खोटी.”

“दादा, मला नाण्यातलं काय कळतंय?”

“वतलेलं का ठोकलेलं, येवढं तर कळंल? त्या काळात ठशावर ठिवून हातोड्यानं ठोकायचे म्हनं.”

तेवढं तिला कळणार होतं. भिंग घेऊन ती खाली गेली.

पाहुणा सोफ्यावर बसला होता. त्याचा एक माणूस दाराला पाठ लावून उभा होता. टीपॉयवर काळ्या कापडावर सात नाणी मांडलेली. एका अंगाला शिरस्त्राण घातलेली देवी, दुसऱ्या अंगाला वटारल्या डोळ्यांचं घुबड. तिनं पहिलं नाणं उचललं, तेवढ्यात सोपानरावांचा फोन वाजला आणि ते अंगणात गेले.

पाहुणा पुढे झुकला. “मॅडम, बाहेर सायकल चालवत होती, निळ्या रिबिनीची, ती तुमचीच ना? गोड आहे पोरगी.”

एवढंच बोलला आणि हसला. आम्रपालीनं कोपर मांडीवर दाबून धरलं आणि नाणं भिंगाखाली घेतलं.

घुबडाच्या पंखाखाली बुडबुड्यांची बारीक पुरळ होती. हे ओतलेलंच. दुसरंही तसंच. तिसऱ्यावर देवीच्या गालाला एक खाच दिसली. तीच खाच पहिल्यावर होती, दुसऱ्यावरही, पुढच्या तिन्हींवरही, अगदी त्याच जागी. सातवं नाणं मात्र वेगळं निघालं. बुडबुडा नाही, खाचेची कड धारदार, काठाला ठोकताना गेलेली चीर. हे एक खरं असावं, आणि बाकीची सहा याच्यावरून घेतलेल्या साच्यातून काढलेली. एरवी ती हरखली असती. आता तिनं ते गुपचूप कापडावर परत ठेवलं.

सोपानराव आत आले. “काय म्हंता ताई?”

पाहुणा तिच्याकडे बघत होता, पापणीही न हलवता.

“जरा पाणी पिऊन येते,” ती कशीबशी म्हणाली.

स्वयंपाकघरात सोपानरावांच्या पत्नी गिरजाबाई भाकरी थापत होत्या. आम्रपालीनं त्यांचा पिठाचा हात धरला आणि कानात सगळं सांगितलं, नाण्यांचं आणि पोरीचंही.

“व्हय गं?” गिरजाबाईंनी तवा खाली उतरवला. मग पदर खोचून तशाच पिठाच्या हातानं बाहेर गेल्या, टीपॉयजवळ थांबल्या आणि ओरडल्या, “आगं बया! घुबाड? माज्या घरात घुबाड आणताय व्हय? आदी उचला ते! ह्यांचं डोस्कं फिरलंय, पर मी जित्ती हाय तवर हितं घुबाड ऱ्हायाचं न्हाई!”

“आगं, पर ताईंना तर इच्यारू दे—”

“कुनाला काय इच्यारायचं न्हाई!”

बायकोच्या डोळ्यांत काय दिसलं कोण जाणे, सोपानराव वरमले. पाहुण्यानं नाणी गोळा केली. जाताना तो स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या आम्रपालीकडे वळला.

“तुम्ही काही बोलला नाहीत, मॅडम.”

“मला कळलंच नाही,” ती म्हणाली.

गाडी गेली. सोपानरावांना खरं काय ते नंतर कळलं, आणि ते दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत.

पुन्हा कुणीच आलं नाही. पण आम्रपालीनं शिफ्ट बदलून घेतली आणि ती लेकीला शाळेत स्वतः सोडायला लागली. सायकल घरात, पलंगामागे गेली. वर्ष होत आलं, तरी पाठीमागून येणारी एखादी गाडी हळू झाली की लेकीच्या हातावरची तिची पकड आवळते.

“आई, हात दुखतोय,” पोरगी म्हणते.

गाडी पुढे निघून जाईपर्यंत आम्रपालीला ते ऐकूच येत नाही.