मॅनेजर सेटल होतात

फरशीच्या दुकानात बिलं फाडणाऱ्या या गृहस्थांना सगळे मॅनेजर म्हणत. ते चिडवण्यासाठी म्हणतात, हे एवढ्या वर्षांत त्यांच्या डोक्यात शिरलं नव्हतं. खिशाला दोन पेनं असत, एक लिहायचं आणि एक मिरवायचं. बायको मागच्या खोलीत पार्लर चालवायची आणि त्यावर घर चालायचं. पण घर कोण चालवतं असं कुणी विचारलं, की मॅनेजर घसा खाकरायचे.

बायकोला कोपऱ्यावरचा गाळा हवा होता. मागच्या खोलीत एकीचे केस धुवायला घेतले की दुसरीला स्वयंपाकघरात बसवावं लागे. कांद्याच्या वासात भुवया कोरून घ्यायची हौस कुणाला असते? गाळ्याचा मालक महिनाअखेरपर्यंत थांबणार होता. कर्ज दोघांच्या नावावर निघायचं होतं आणि बँकेतल्या मुलीने बजावलं होतं, "अर्जाआधी दोघांचेही क्रेडिट रिपोर्ट नीट बघा. कधी कधी चुकीच्या नोंदी असतात. त्या आधी दुरुस्त करून घ्या."

बायकोने स्वतःचा त्याच संध्याकाळी बघितला. म्हणाली, "अहो, तुमचाही बघू का?"

"माझा मी बघतो. तुला काय कळतंय त्यातलं?"

बघितला. नाव बरोबर, पत्ता बरोबर, आणि जुन्या स्कूटरच्या कर्जापुढे एकच शब्द: सेटल्ड. मॅनेजरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. लग्न झाल्यापासून सासरे विचारत आले होते, "जावईबापू, सेटल कधी होणार?" आता खुद्द कर्ज देणाऱ्यांनीच लिहून दिलं होतं! त्यांनी कागद छापून घेतला, सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवला, मेव्हण्याला फोटो पाठवला. बायकोला म्हणाले, "एकदम ओके. कर अर्ज." तिने कागद बघायला मागितला तेव्हा तो लॅमिनेशनला गेला होता.

अर्ज नामंजूर झाला. बँकेतली मुलगी आवाज खाली आणून म्हणाली, "सेटल्ड म्हणजे पूर्ण पैसे न भरता तडजोड करून सुटका करून घेतली. असं असलं की कर्ज मिळणं कठीण जातं."

"पण आम्ही सगळे भरलेत हो!" बायको म्हणाली.

भरलेच होते. शेवटचे हप्ते तर तिनेच भरले होते, लोकांच्या भुवया कोरून. कर्ज फिटल्याचा दाखला कपाटात होता. चूक त्या स्कूटरवाल्या फायनान्स कंपनीची होती आणि तो दाखला जोडून वेळेवर तक्रार केली असती, तर निस्तरलीही असती. पण या दीडशहाण्याने ती चूक भिंतीवर टांगली होती, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी.

तक्रार तिनेच केली. दुरुस्ती होईपर्यंत गाळ्यात मोबाइलची कव्हरं विकणारा येऊन बसला. तिला रडू आलं ते तिथे, रस्त्यावरच. नव्या रिपोर्टात त्या जागी 'क्लोज्ड', म्हणजे कर्ज पूर्ण फिटलं, असं आलं, तर मॅनेजर हिरमुसले. म्हणाले, "सेटल्ड शोभून दिसत होतं. हे कसं, दुकान बंद केल्यासारखं वाटतं." बायकोने भिंतीवरचा कागद काढला आणि केसांच्या कचऱ्यात टाकला.

पुढे तिला दवाखान्यामागे एक गाळा मिळाला, पहिल्याच्या निम्मा. कर्जाच्या कागदांवर सह्या करायच्या दिवशी मॅनेजर कडक इस्त्रीचा शर्ट घालून, दोन्ही पेनं खोचून दारात उभे होते.

"माझी सही कुठे कुठे लागेल?"

"कुठेच नाही. कर्ज माझ्या एकटीच्या नावावर आहे."

"आणि मी?"

"तुम्ही सेटल्ड आहात ना? बसा."

तिने त्यांच्या खिशातलं लिहायचं पेन काढून घेतलं आणि चपला घातल्या.