रडार कंपनीचे घाटंजीचे मालक

माझ्या थोरल्या साडूंइतका फाटका कारखानदार अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. हैदराबादेकडे रडारचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी होती, तिचे हे घाटंजीत राहणारे मालक. मालकी एकूण दहा शेअरांची, तीही ताईंच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीच्या जोडीनं. पण गृहस्थ बोलायला लागले की ऐकणाऱ्याला वाटावं, कारखान्याचा भोंगा रोज यांना विचारूनच वाजतो. आम्ही एसटीनं यवतमाळला निघालो आणि लोहाऱ्याची औद्योगिक वसाहत लागली, की खिडकीतून एकेका शेडकडे पाहत म्हणायचे, "मास्तर, आपल्या कंपनीले ही जागा बरी होती. पण आपण हैदराबादले टाकली." त्या 'आपण'मध्ये मीही आलो असं वाटून मी उगीच ताठ बसायचो.

त्यांची हयात तहसील कचेरीत गेली. रोज सकाळी आठ वाजता पर्जन्यमापकातलं पाणी मोजायचं आणि आकडा यवतमाळला कळवायचा, हे काम त्यांनी इतकी वर्षं केलं, की निवृत्तीनंतर तसलंच एक मापक अंगणात रोवल्याशिवाय त्यांना चहा गोड लागेना. भर वैशाखातही ते मापक उघडून पाहत आणि कोरडं असल्याची खात्री करून घेत. मग पेपर. पेपरात आधी शेअरांचं पान, भिंगातून. भाव चढला तर "आपला माल खपून राह्यला," आणि उतरला तर "लोकायले अक्कल नाही," एवढंच त्यांचं बाजाराचं शास्त्र. पांढरकवड्याला एका लग्नात त्यांनी आचाऱ्याची परात उचलली, ती तिरकी धरून गोल गोल फिरवली आणि मुलीच्या मामांना समजावलं, "रडार हे असं फिरते. ढग कुठी हाये, किती पाणी आहे, सारं सांगते. अंदाजाचं कामच नाही." तिकडे बुंदी कढईत वाट पाहत होती आणि आचारी परातीची. पंगत अर्धा तास उशिरा बसली, त्याचं खापर मुलाकडच्यांवर फुटलं.

मी त्यांची पुष्कळ थट्टा केली. पण हे वेड कुठून आलं ते मला ठाऊक होतं. कापसाच्या त्या वाईट वर्षांतली गोष्ट. पाणी मोजणारा माणूस म्हणून मृगात सगळी गल्ली त्यांना विचारायची, "साहेब, सरकी लावू का?" एका वर्षी तीन दिवस चांगला पाऊस झाला. आकडा पाहून हे म्हणाले, "लावा बिनधास्त." गल्लीनं लावली, ताईंनीही आपल्या पाच एकरांत लावली. त्यानंतर पाऊस जो गेला तो वीस-बावीस दिवस फिरकला नाही. अंकुर जागच्या जागी करपले, सगळ्यांना पुन्हा बियाणं आणावं लागलं. कोणी भांडलं नाही. ताई फक्त पुढच्या मृगापासून पेरणीचं शेजारच्या राठोडांना विचारू लागल्या. साडभाऊंनी त्या दिवसापासून पावसाबद्दल कोणाला एक अक्षर सांगितलं नाही. मोजायचे रोज, सांगायचे नाहीत.

मग कुठंतरी त्यांनी रडारबद्दल वाचलं आणि पेटले. घाटंजीत रडार बसलं तर कोणाच्या शब्दावर पेरायलाच नको. आता ते बसवायचं कसं? आमच्याकडे जिनिंग सोसायटीची आमसभा असते. एक शेअर असलेला माणूसही उभा राहून 'आमच्या गावात कापसाचा काटा पाहिजे' म्हणू शकतो, आणि अध्यक्षाला चारचौघांत ते लिहून घ्यावं लागतं. साडूंनी हाच हिशेब लावला, रडारवाल्या कंपनीचे दहा शेअर घेतले आणि सभेची चिठ्ठी येताच पांढरकवड्याहून रुईच्या गाठींच्या ट्रकात बसून हैदराबाद गाठलं. तिथल्या एसी हॉलमध्ये माईक हातात घेऊन म्हणाले, "साहब, मैं घाटंजी का मालक. एक रडार हमारे यहाँ बिठाना." चेअरमननी नम्रपणे सांगितलं की आपण फक्त सुटे भाग करतो, रडार बसवतं सरकार, तरी सूचनेची नोंद घेतली आहे. हे मिठाईचा डबा घेऊन परत आले आणि पाया खणल्याच्या थाटात गावभर सांगत सुटले, "नोंद घेतली."

अशी चार वर्षं नोंद झाली. दरम्यान भाव बराच चढला. ताई म्हणाल्या, "इका आता. दोन शेळ्या तरी येतीन." हे म्हणाले, "इकल्यावर तिथं उभं राहून मांगू कोणत्या तोंडानं?" त्यावर मी हसलो होतो. आज त्याची लाज वाटते.

पाचव्या वर्षी मापकाशीच पाय घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. ते खाटेवर असतानाच सभेची चिठ्ठी आली. ती उशाखाली घालून दोन दिवस ते भिंतीकडे तोंड करून होते. तिसऱ्या दिवशी ताईंनी ती काढून घेतली आणि मला म्हणाल्या, "मास्तर, चाला. माह्यंबी नाव आहे त्याच्यावर."

हॉलमध्ये ताईंना माईक नीट धरता येईना, मी धरला. त्या म्हणाल्या, "आमच्या घरच्यायनं एक डाव लोकायले पेरा म्हटलं आन् पाऊस गेला. पावसाचा काय भरवसा, त्यायची काय चूक? पण ते सात वर्सांपासून मनाले लावून बसले. तुमी एक रडार देऊन टाका." मराठी किती जणांना कळलं कोण जाणे. चेअरमन म्हणाले, नोंद घेतली.

घरी येताच साडूंनी विचारलं, "काय बोलली तू?"

"तुमी बोलत होते तेच."

रडार आजतागायत आलेलं नाही. शेअर तेवढे आहेत. त्या सभेनंतरच्या मृगात दोन दिवस पाऊस झाल्यावर मी घाटंजीला गेलो होतो. साडभाऊ काठी टेकत पाणी मोजून ओसरीवर येऊन बसले होते. ताई बाजारातून सरकीची पिशवी घेऊन आल्या, राठोडांच्या घरावरून तशाच पुढं, आणि त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. "लावू का?"

इतक्या वर्षांत त्यांना हे कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ आभाळाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "थांब अजून दोन दिवस."

ताई थांबल्या.