श्री गणेशाय नमः, वर क्रमांक एक

मी फार बोलणारा माणूस नाही. भाजीत मीठ नसलं तरी मी गुपचूप जेवून उठतो, अशी घरात माझी ख्याती आहे. बायको याला सोशिकपणा म्हणते. खरं तर ती माझी सोय असते. एकदा वेळेवर बोललो नाही, त्यानंतर कुठल्याच गोष्टीत वेळ साधली नाही, एवढंच.

औरंगाबादच्या विद्यापीठाच्या नावाचा वाद ज्या वर्षी एकदाचा मिटला, त्याच वर्षीच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. मी औरंगाबादहून कॉम्प्युटरचा कोर्स करून परभणीला परत आलो होतो. कोर्सचे निम्मे दिवस बंदमध्ये गेले. पण बंद असला की खोलीबाहेर पडता येत नसे, नाइलाजानं पुस्तक उघडावं लागे, आणि त्या नाइलाजातून मला मॅक्रो, म्हणजे कॉम्प्युटरकडून ठरावीक काम आपोआप करून घेणाऱ्या सूचना, लिहिता येऊ लागले होते. त्या जोरावर एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये नोकरी लागली. तिथं नुकताच कॉम्प्युटर आला होता. त्याला हार घातला होता, त्याच्या खोलीत कूलर होता, आणि आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. शेजारच्या खोलीत टाइपरायटरवर पोरं घामानं निथळत असत. कूलर त्यांच्यासाठी नव्हता.

त्या घामाच्या खोलीचे राजे म्हणजे मास्तर. संचालकांचे सख्खे मामा. जिल्ह्यातल्या निम्म्या कारकुनांची बोटं त्यांनी वळवलेली. त्यांची एक सवय होती. रोलरमध्ये कुठलाही कागद गेला की आधी वर, मधोमध, 'श्री गणेशाय नमः'. मशीन इंग्रजी असलं तर इंग्रजी अक्षरांत. नोकरीच्या अर्जावर, वीज गेल्याच्या तक्रारीवर, एकदा तर घटस्फोटाच्या नोटिशीवरसुद्धा. वकील ओरडले, तर म्हणाले, "मोडायचं असलं तरी सुरुवात बरी करावी."

संचालकांनी त्यांना माझ्यासमोरच सांगितलं होतं, "मामा, टाइपरायटर आता निघायलेत. तुम्ही कॉम्प्युटर शिकलात तर खुर्ची तुमची. नाहीतर आता घरी आराम करा."

आराम हा शब्द ऐकून मास्तरांचा चेहरा इतका पडला, की मला वाटलं कुणीतरी वारलं.

तेवढ्यात पोखर्णी गावाचं काम आलं. देवळाजवळ सामुदायिक विवाह व्हायचे होते आणि समितीला सगळं 'कॉम्प्युटराइज' पाहिजे होतं. कुठला वर कुठल्या वधूसमोर उभा राहणार त्याच्या चिठ्ठ्या, आणि लाउडस्पीकरवर वाचायची यादी. संचालक म्हणाले, "मामा, ही तुमची परीक्षा समजा."

कॉम्प्युटरला मराठी येत नव्हती, म्हणून नावं इंग्रजी अक्षरांत. वरांचा तक्ता मास्तरांनी भरायचा, वधूंचा मी, आणि जोड्या लावायचा मॅक्रो माझा. मास्तरांनी विचारलं, "तुझा मॅक्रो करतो काय नेमकं?"

"तक्त्यातली नावं उचलून अ‍ॅरेमध्ये बसवतो."

"आन् अ‍ॅरे म्हंजे?"

मी पुस्तकातली व्याख्या सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकली, आणि म्हणाले, "म्हंजे पंगत. पाट मांडलेत, पाटावर नंबर हायेत, आन् तुझा मॅक्रो एकेकाला हाताला धरून बसवायलाय."

"तसंच. पोरांची एक पंगत, पोरींची एक. पहिला पहिलीसमोर, दुसरा दुसरीसमोर."

"मग एवढं इंग्रजीत कशाला सांगायलास, लेका?"

दोन बोटांनी नव्हे, दहा बोटांनी त्यांनी वरांचा तक्ता भरला. एकही अक्षर चुकलं नाही. मी मॅक्रो चालवला, प्रिंटर किंचाळला, कागद सरळ आला. कागद सरळ आला की नाही, एवढंच मी पाहिलं. प्रिंटर तिरका कागद ओढायचा, त्याचीच मला धास्ती. मग गठ्ठा बगलेत मारून संचालक, मास्तर आणि मी असे आम्ही तिघं पोखर्णीच्या एसटीत बसलो. मास्तरांनी त्या उन्हात कोट घातला होता.

मंडपात माइकवर जो गृहस्थ होता, तो समोर येईल ते एकाच सुरात वाचणारा. त्यानं घसा साफ केला आणि पहिल्या वधूचं नाव पुकारलं. मुंडावळ्या बांधलेली पोर मामाचा हात धरून बोहल्यावर आली. मग तो म्हणाला, "यांचे वर, चिरंजीव श्री गणेशाय नमः, यांनी ताबडतोब मंडपात यावे."

अख्ख्या मंडपानं हात जोडले.

कुणी आलं नाही. त्यानं पुन्हा पुकारलं. लोकांनी पुन्हा हात जोडले. एक म्हातारी म्हणाली, "पोरीनं नशीब काढलं बाई." पोरीचा मामा म्हणाला, "नशीब ठेवा बाजूला, आमचा नवरदेव कुठाय?"

नवरदेव होता, पण यादीनं तो दुसरीसमोर ढकलला होता. दुसरीचा तिसरीसमोर. बघता बघता बोहल्यांवर कल्ला झाला. "आवो, मला सोनपेठची दाखवली व्हती, ही मानवतची हाय!" एक वरमाय ओरडली, "आमची सून गोरी हाय, ही न्हवं!" त्यावर जिला नाकारलं तिच्या आईनं जे सुनावलं, ते इथं लिहिता येत नाही. आणि सगळ्यात शेवटचा नवरदेव, सोनपेठकडचा धिप्पाड गडी, एकटाच उभा. त्याच्यासमोर कुणीच नाही. तो रडवेल्या आवाजात विचारायला लागला, "माझी कुठाय?"

त्याचा मित्र म्हणाला, "कॉम्प्युटरनं तुला ब्रह्मचारी ठिवलाय."

शेवटी समितीनं नव्हे, बायकांनी सोडवलं. प्रत्येक आईनं आपापलं पोर दंडाला धरून ओढलं आणि योग्य जागी उभं केलं. मुहूर्त टळला नाही. अक्षता पडल्या, बुंदीही चांगली होती.

पण संचालकांच्या घशाखाली ती उतरली नाही. समितीच्या अध्यक्षांनी चारचौघांत त्यांना झापलं होतं. यादी माझ्यासमोर धरून संचालकांनी विचारलं, "हे गणपतीचं इथं कुणी घातलं?"

मी म्हणालो, "मास्तरांनी."

खोटं नव्हतं. तेच तर माझं दुखणं आहे. खोटं बोललो असतो तर कधीतरी पकडला गेलो असतो आणि सुटलो असतो.

आता राहिलेलं सांगतो. तक्ता भरून झाल्यावर मास्तर मला म्हणाले होते, "पहिल्या ओळीत गणपती बसवलाय बरं का. तुझ्या मॅक्रोला सांगून ठेव." मी कागदाची भोकं प्रिंटरच्या दात्यांत अडकवत होतो. "हो मास्तर, सांगतो," म्हणालो. आणि विसरलो. मॅक्रोनं पहिल्या ओळीपासून उचललं, गणपतीला पहिल्या पाटावर बसवलं आणि सगळे वर एकेक पाट खाली सरकले. माझ्या तक्त्यात देव नव्हता, त्यामुळे वधू जागच्या जागी राहिल्या.

मंडपात मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलेन, एवढा वेळ त्यांनी मला दिला. मी खाली वाकून सांडलेल्या चिठ्ठ्या गोळा करू लागलो. मग ते संचालकांना म्हणाले, "मीच घातलं. मी कुठंबी घालतो."

आठवड्याच्या आत त्यांची खुर्ची कूलरच्या खोलीत आली. तिच्यावर मी बसू लागलो. मास्तर आराम करायला घरी गेले नाहीत. एक जुना टाइपरायटर सायकलरिक्षात घालून तहसीलसमोरच्या लिंबाखाली बसले आणि लोकांचे अर्ज टाइप करू लागले.

मॅक्रो दुरुस्त करायला मला एक आकडा बदलावा लागला. एकचा दोन.

बरेच महिने मी तो रस्ता टाळला. मग एकदा धीर करून गेलो. समोर एक शेतकरी उकिडवा बसला होता. मास्तर म्हणाले, "या साहेब. अर्ज करायचाय?"

"नाही, सहज."

"तहसीलला सहज कोण येतंय? बस. चहा घे."

चहा आला. वाक्य जुळवून नेलं होतं, ते चहाबरोबर गेलं. मी एवढंच म्हणालो, "मास्तर, मॅक्रो बदललाय. आता दुसऱ्या ओळीपासून वाचतो."

"मग पहिली?"

"रिकामी सोडतो."

त्यांनी कागद रोलरमध्ये सरळ केला. "जागा हाय तर रिकामी कशाला सोडायलास? बसव की त्याला." आणि शेतकऱ्याकडे वळले, "हं, बोला पाटील. म्हैस चोरीला गेली तवा गाभण व्हती का?"

त्यांनी मला माफ केलं की टोला हाणला, हे मला अजून उमगलेलं नाही. चहा मात्र त्यांनीच पाजला.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक तक्त्याच्या पहिल्या ओळीत गणपती असतो. ऑफिसातली पोरं विचारतात, "सर, हे डेटात धरायचं का?" मी नाही म्हणतो, पण काढूही देत नाही.

मास्तर आता नाहीत. संचालक आहेत, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, तरी वाचतात. सर, तुम्ही यादी समोर धरून मला विचारलं होतं, त्याचं उत्तर अर्धंच दिलं होतं. मामांनी मला आधी सांगितलं होतं. मी हो म्हणालो होतो.